आठ मिनिटं

‘फिलिबस्टर’ हा शब्द मी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केला होता. अर्थ : अमेरिकेच्या सिनेटमध्ये विधेयक अडवण्यासाठी लांबवलेलं भाषण. त्याचा जुना अर्थ एका रात्री मोबाइलवर सापडला. एकोणिसाव्या शतकात सरकारला न विचारता, स्वतः माणसं जमवून परक्या देशावर चाल करून जाणाऱ्या अमेरिकनांना फिलिबस्टर म्हणायचे.

त्यातला सगळ्यात गाजलेला विल्यम वॉकर. वयाच्या १९व्या वर्षी डॉक्टर, मग वकील, मग पत्रकार. १८५३मध्ये ४५ माणसं घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, मेक्सिकोतलं ला पाझ ताब्यात घेतलं आणि स्वतःलाच राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं!

मी लगेच मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, “काय डेरिंगबाज माणूस आहे यार!” भराभर बदाम आले.

पुढे वाचत गेलो. ती मोहीम फसली. तटस्थतेचा कायदा मोडला म्हणून परतल्यावर त्याच्यावर खटला चालला. ज्यूरीनं आठ मिनिटांत त्याला निर्दोष सोडलं.

१८५५मध्ये तो निकाराग्वात गेला. तिथे यादवी चालू होती आणि एका पक्षानंच त्याला बोलावलं होतं. वर्षभरात तो तिथला राष्ट्राध्यक्ष झाला. मध्य अमेरिकेत गुलामगिरी १८२४मध्येच बंद झाली होती. ती बंदी त्यानं उठवली. पुढे माघार घेताना त्याच्या फौजेनं ग्रॅनाडा हे तीनशे वर्षांहून जुनं शहर जाळलं आणि मागे पाटी ठेवली : ‘इथे ग्रॅनाडा होतं’.

१८६०मध्ये होंडुरासात त्याला गोळ्या घातल्या. पण मी अडकलो त्या आठ मिनिटांपाशी. ज्यूरीनं तेव्हा त्याला अडवलं असतं, तर कदाचित ग्रॅनाडा वाचलं असतं. आणि मी? मला तर आठ मिनिटंही लागली नव्हती. ला पाझ कुणाचं गाव होतं, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

वॉकरच्या फौजेशी लढताना रिव्हास गावात हुआन सांतामारिया नावाचा कोस्टा रिकाचा एक गरीब ढोलवादक पोरगा मारला गेला. आज तिथल्या मुख्य विमानतळाला त्याचं नाव आहे.

आधीचा मेसेज मी डिलीट केला नाही. त्याच्याखाली हुआनची गोष्ट लिहिली.

बदाम एकच आला. चालेल.