हावड्याची घोडी

आमच्या खानापूर-आटपाडी भागात गलाईच्या कामाला परमुलखात माणूस गेला नाही, असं घर विरळाच. सोनं-चांदी गाळायच्या याच धंद्यात आमचा धाकटा भाऊ कोलकात्याच्या बडाबाजारात आहे. मागच्या हिवाळ्यात त्याला मुलगा झाला. दादी आल्याशिवाय अकीका करायचा नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं आणि गुडघेदुखीनं दोन वर्षं विट्याबाहेर न गेलेली अम्मी त्याच दिवशी बॅग भरायला लागली.

विट्याहून एसटीनं पुणे आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस. दोन रात्रींचा प्रवास. नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर, मग खरगपूर. निघण्याआधी भावानं एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली, “हावडा लई मोठं स्टेशन हाय. उतरल्यावर कुठं शोधत बसू नका. सरळ मोठ्या घड्याळाखाली या, मी तिथंच असतो. इथं त्याला बोडो घोडी म्हणतात.”

फोन स्पीकरवर होता. अम्मीनं विचारलं, “स्टेशनात घोडी कशाला बांधतात रे?” बंगालीत घड्याळाला ‘घोडी’ म्हणतात हे आम्ही तिला समजावलं, तरी पुढं दोन दिवस डब्यात मुलांना तोच खेळ पुरला. दादी, घोडी चारा काय खाते? दादी, घोडीला शिंगं असतात का? अम्मीही हसून उत्तरं देत होती.

हावड्याला गाडी पहाटे पोचते, त्या दिवशी तासभर उशिरा पोचली. बाहेर अजून अंधारच होता. इथं रूळ संपतात, गाडी पुढं कुठं जात नाही, त्यामुळे उतरायची घाई नसते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण हमालानं दोन बॅगा डोक्यावर घेतल्या आणि तो असा सुटला की त्याच्यामागं आम्ही सगळे पळत सुटलो. फलाट संपून मोठ्या दालनात आलो, बॅगा खाली ठेवल्या, मुलं मोजली. अम्मी नव्हती.

नवऱ्याला वाटलं होतं ती बायकोबरोबर आहे, बायकोला वाटलं ती नवऱ्याबरोबर आहे. तिचा फोन चार्जिंगला लावलेला, तो आमच्याच पिशवीत. काळजाचा ठोका चुकणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. मुलांना सामानाजवळ बसवून एकानं तिथंच थांबायचं आणि दुसऱ्यानं मागं जायचं ठरलं. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. नळापाशी दोन-चार माणसं तोंड धूत होती, त्यात ती नव्हती. डबेही रिकामे झाले होते.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, “मी कधीचा घड्याळाखाली उभा हाय, तुम्ही कुठंयत?” आम्ही वर पाहिलं. मोठं घड्याळ कुठंच दिसेना. त्यानं फलाटाचा नंबर विचारला आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज आम्हाला फोनवर ऐकू आला.

हावड्याची खरी गोम इथं आहे आणि ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. हे एक स्टेशन नाही, शेजारी-शेजारी दोन आहेत म्हणा ना. 1 ते 15 नंबरचे फलाट जुन्या इमारतीत आणि 17 पासून पुढचे नव्या इमारतीत. आपल्याकडून नागपूरमार्गे जाणाऱ्या गाड्या बहुतेक नव्या भागात लागतात. घड्याळ मात्र जुन्या भागात आहे. इंग्लंडातल्या लेस्टरच्या जेंट्स कंपनीचं, 1926 साली बसवलेलं, दोन तोंडांचं. सगळं कोलकाता म्हणे एकमेकांना भेटायला तिथंच उभं राहतं. नव्या भागातून नदीकडे तोंड करून बाहेर पडायचं आणि डाव्या हाताला चालत जायचं. अंतर फार नाही, पण सामान, मुलं आणि हरवलेली आई असली की ते फार असतं.

चौकशीच्या खिडकीवर अम्मीचं वर्णन सांगत होतो. हिरवी साडी, डोक्यावर पदर, खांद्यावर तपकिरी शाल, बंगाली येत नाही, हिंदी जेमतेम. समोरचा माणूस लिहून घेत होता, तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता.

“अम्मी माझ्याजवळ हाय.”

झालं होतं ते असं. फजरची वेळ निघून जाईल म्हणून अम्मी फलाटावरच्या नळावर वुजू करायला थांबली. तिनं सांगितलं होतं म्हणे, गोंधळात कोणी ऐकलं नाही. मान वर केली तर आम्ही गायब. ती गर्दीबरोबर बाहेर आली. लोकलमधून झेंडूच्या माळांचे भारे घेऊन बायका उतरत होत्या, पुलापलीकडच्या मल्लिक घाटच्या फूलबाजारात जाणाऱ्या. त्यातल्या एकीचा हात धरून अम्मीनं विचारलं, “घोडी कुठाय, बाई? घोडी?”

बाईला बरोब्बर कळलं. डोक्यावरचा भारा तसाच ठेवून, अम्मीचा हात धरून, आपली वाट सोडून ती जुन्या इमारतीत आली, वरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं आणि अम्मीनं नाव विचारायच्या आत निघून गेली. आम्ही इकडं शुद्ध हिंदीत “बडी घडी किधर है” विचारत फिरत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा भावानं खाली आपला रुमाल अंथरून दिला होता आणि अम्मी खांबाच्या आडोशाला बसून नमाज पढत होती. सलाम फेरल्यावर आधी तिनं मुलांना जवळ घेतलं, मग आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “हरवला होतात कुठं?”

पंधरा दिवस राहिलो. अकीका झाला, नाखुदा मशिदीत जुम्मा पढलो, नदीखालून जाणाऱ्या मेट्रोत मुलांनी दोन फेऱ्या मारल्या. परतीची गाडी नव्या भागातूनच सुटणार होती, तसं फलकावर लिहिलेलंही होतं. पण अम्मी टॅक्सीवाल्याला म्हणाली, आधी घोडीकडं घे. तासभर तिथं बसलो. झेंडूच्या माळा डोक्यावर घेतलेली कुठली बाई दिसली, की अम्मी उठून उभी राहायची, चेहरा नीट पाहायची आणि परत बसायची.