एका दिवसात सात मैदाने

अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात सवाना नदीच्या काठी ऑगस्टा नावाचे शहर आहे. आमचे वडील बंधू गेली कित्येक वर्षे तेथे राहतात. 2019 च्या जून महिन्यात त्यांच्याकडे जाण्याचा आम्हांस योग आला. त्या मुक्कामात एका शनिवारी जे घडले ते वाचकांस सांगावे असे बरेच दिवस मनात होते. शनिवारच का, तर रविवारची मिस्सा बुडवून खेळत बसणे वहिनींच्या घरात चालत नाही.

ऑगस्टाचे नाव जगात गाजते ते गोल्फमुळे. 1934 पासून तेथे मोठी स्पर्धा भरते आणि जिंकणाऱ्याला हिरवा कोट चढवितात. ते मैदान खाजगी आहे. 1990 पर्यंत तेथे एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता आणि स्त्रियांना सभासद करून घेण्यास 2012 साल उजाडावे लागले. आम्ही त्याच्या कुंपणाची हिरवी झाडी तेवढी पाहिली. परंतु आमच्या दादांना वेड आहे ते दुसऱ्याच गोल्फचे. त्याला काठी लागत नाही, चेंडू लागत नाही आणि कोणाचे सभासदत्वही लागत नाही. लागते ती एक प्लास्टिकची चकती. तिकडे या खेळास डिस्क गोल्फ म्हणतात.

खेळ समजावयास अगदी सोपा आहे. रानातून किंवा उद्यानातून अठरा वाटा आखलेल्या असतात. प्रत्येक वाटेच्या आरंभी उभे राहून चकती फेकावयाची. ती जेथे पडेल तेथून पुढची फेक. असे करीत शेवटी एका लोखंडी खांबापाशी पोचावयाचे. त्या खांबाच्या डोक्यावर एक कडे असते, कड्याभोवती बहुधा पिवळा पट्टा असतो, कड्यापासून साखळ्या लोंबत असतात आणि खाली तारेची टोपली. चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की ती वाट संपली. ज्याच्या फेका सर्वांत कमी तो जिंकला. चकतीचे वजन दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. लांब फेकीच्या चकतीची कड सुरीसारखी पातळ असते, तर जवळच्या फेकीची चकती जाड कडेची. त्यामुळे जाणते खेळाडू पाठीवर पिशवी घेऊन हिंडतात व तीत दहा-पंधरा चकत्या असतात. दादांच्या पिशवीत अठरा होत्या. पैकी चार त्या दिवशी रानाने ठेवून घेतल्या.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण तळ्याकाठी गेले त्यांना हा खेळ परका वाटणार नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या तळ्यावर दादा खापरीने पाण्यावर भाकऱ्या काढीत. आमच्या तीन झाल्या की त्यांच्या सात होत. मौज अशी की अमेरिकेतील या चकतीचा जन्मही भाकरीच्याच घरातला आहे. कनेक्टिकट संस्थानातील ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाची भट्टी होती. ती गोड पदार्थ पत्र्याच्या थाळीत घालून विकीत असे आणि तिकडचे विद्यार्थी त्या रिकाम्या थाळ्या एकमेकांकडे फेकीत. तिकडे कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण 1930 च्या दशकाच्या अखेरीस समुद्रकिनाऱ्यावर केकच्या थाळ्याच फेकण्यासाठी विके. पुढे त्याने प्लास्टिकची चकती तयार केली. 1957 साली व्हॅम-ओ या कंपनीने ती बाजारात आणली आणि नाव दिले फ्रिस्बी. त्याच कंपनीतील एड हेड्रिक या गृहस्थाने चकतीच्या पाठीवर वळ्या काढून तिची उड्डाणे स्थिर केली. 1975 साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात त्याने पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट 1977 चे, तेही त्याचेच. आज जगात अशी पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत. पुष्कळ मैदाने सार्वजनिक उद्यानांत असल्याने तेथे खेळावयास पैसे पडत नाहीत.

असो. शुक्रवारी रात्री जेवताना दादा म्हणाले, "उद्या सात मैदाने करायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत."

आम्हांस हे मुळीच रुचले नाही. एक मैदान नीट खेळावे, झाडाखाली बसावे, डबा खावा, हे आमचे मत. एका दिवसात सात ठिकाणी धावणे म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून तीर्थयात्रा करण्यासारखे. आम्ही तसे बोलूनही दाखविले. दादा हसले. पुतण्या मात्र खाली मान घालून जेवीत राहिला. वहिनींनी आमच्या पानात न मागता भात वाढला आणि विषय तेथेच मिटला.

सकाळी सव्वासहाला आम्ही ओल्मस्टेड तळ्यापाशी उभे होतो. ऑगस्टाचा जुना कालवा तेथेच आहे. पाण्यावर धुके होते, गवत दवाने इतके भिजलेले की दहा मिनिटांत पायमोजे ओले झाले. 2006 साली या शहरात या खेळाची जागतिक स्पर्धा भरली होती आणि केन क्लाइमो हा खेळाडू तेव्हा बाराव्यांदा जगज्जेता झाला. हे आम्हांस पुतण्याने सांगितले, व लगेच आमची पहिली चकती एका झुडपात गेली. ती शोधावयास हात घालणार तोच तो ओरडला, "काका, थांबा! तीन पाने दिसतात ना? हात लावू नका." ती विषारी वेल होती. तिला स्पर्श झाला की अंगावर फोड उठतात व आठवडाभर आग होते. आमच्या खाजकुयलीची ती वडील बहीण शोभेल.

येथेच आमच्या लक्षात प्रथम आले की दादा काहीतरी पुटपुटत चालतात. आम्हांस वाटले, जपमाळ म्हणत असतील. फेकताना ते टोपलीकडे सरळ पाहत नव्हते. मान किंचित डावीकडे वळवून, कोणी हाक मारली असता बघावे तसे, ते तिरके पाहत. फेक मात्र तशीच, जुन्या खापरीसारखी सपाट व शांत.

दुसरे मैदान पेंडलटन किंग उद्यानातले. तेथे मोठमोठी झाडे होती आणि पक्ष्यांचा कलकलाट होता. त्याविषयी अधिक लिहावे असे आमच्या हातून काही घडले नाही. आमच्या फेका मोजण्याचे पुतण्याने सौजन्याने सोडून दिले एवढेच. तिसरे मैदान नदीपलीकडे नॉर्थ ऑगस्टा येथील रिव्हरव्ह्यू उद्यानात. पूल ओलांडला की साउथ कॅरोलायना संस्थान सुरू होते. दुपारच्या आत दोन संस्थाने पालथी घातली याचा दादांना लहान मुलासारखा आनंद झाला. या मैदानाच्या वाटा दाट झाडीतून जातात. दोन बुंध्यांमधील फटीतून चकती गेली तर गेली, नाहीतर ठक् असा आवाज येतो आणि ती पायाशी परत येते. आम्हांस तो आवाज इतक्या वेळा ऐकावा लागला की तेथून पुढे आम्ही खेळणे सोडले आणि दादांची पिशवी खांद्यावर घेतली.

चौथे मैदान ग्रोव्हटाउन गावी पॅट्रियट्स पार्कमध्ये. दुपारी एकची वेळ, ऊन मी म्हणत होते. आपल्याकडे पाऊस येण्यापूर्वी जसे घुसमटते तसे त्या प्रांतात जूनमध्ये रोजच घुसमटते. नवव्या वाटेवर ढग दाटून आले व विजा चमकू लागल्या. उघड्या माळावर लोखंडी टोपलीपाशी उभे राहणे हे शहाणपणाचे नव्हे, म्हणून धावत येऊन आम्ही मोटारीत बसलो. काचांवर पाऊस बडवीत होता. पुतण्या मागच्या बाजूस चकत्या पुशीत होता. आम्ही दादांना म्हणालो, "आता पुरे करू या. चार म्हणजे काही थोडी नव्हेत."

तेव्हा दादांनी सांगितले. मार्चमध्ये डॉक्टरांनी तपासले होते. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचे दिसते, मधले पुसत जाते. समोरच्या माणसाचे कान दिसतात आणि चेहरा दिसत नाही. गेलेली दृष्टी परत आणण्याचा त्यावर उपाय नव्हता. मोटार चालविणे एप्रिलपासून बंद झाले होते. घरात सर्वांना ठाऊक होते. आम्हांस पत्रात काय लिहावयाचे म्हणून लिहिले नव्हते.

"टोपलीचा पिवळा पट्टा मला अजून दिसतो," दादा म्हणाले, "तिरके पाहिले तर. पुढच्या वर्षी दिसेल की नाही सांगता येत नाही. म्हणून पावले मोजतोय. सुरुवातीपासून टोपलीपर्यंत किती, वळण कोणत्या पावलावर. एकदा डोक्यात बसले की मग पाय ओळखतील."

"पण त्याकरिता एकाच दिवसात सात कशाला?"

"पोराला रजा एकच दिवसाची मिळाली. आणि तू परवा चाललास."

यावर आम्ही काय बोलणार? रात्रीच्या जेवणाच्या वेळी आगगाडीची उपमा आम्ही मोठ्या ऐटीत दिली होती, ती आठवून आम्हांस फार शरम वाटली. पाऊस पाऊण तासाने थांबला. आम्ही वही व पेन्सिल काढली आणि तेथून पुढे पावलांचे आकडे आम्ही लिहून घेऊ लागलो. हे काम आम्हांस चकती फेकण्यापेक्षा बरे जमले.

ऑगस्टापासून सुमारे पंचवीस मैलांवर, ॲपलिंग गावाजवळ वाइल्डवुड उद्यान आहे. सवाना नदीवर धरण बांधून सत्तर हजार एकरांहून मोठा जलाशय केला आहे, त्याच्या काठी हे पाइन वृक्षांचे रान. 2007 साली तेथे या खेळाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले. एकाच रानात अठरा-अठरा टोपल्यांची तीन मैदाने असल्यामुळे सातांचा हिशेब जमत होता. केंद्रात एक संग्रहालय आहे व त्यात जुन्या चकत्या आणि जुन्या टोपल्या मांडल्या आहेत. हेड्रिक 2002 साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या चकत्या पाडल्या व त्या आप्तमित्रांना दिल्या. आम्हांस हे ऐकून काही सुचेना. मृताची रक्षा अशी स्मृतिचिन्हांत वाटू नये, ती पवित्र जागी ठेवावी, असे 2016 साली रोमहून स्पष्ट सांगण्यात आले आहे आणि आमचेही मन त्याच बाजूचे. दादा एवढेच म्हणाले, "माणसाला आपल्या आवडीच्या ठिकाणी राहावेसे वाटते. त्याला पद्धत सुचली ती अशी."

तेथील हेड्रिकच्या नावाचे मैदान त्यातल्या त्यात सोपे. ते सहाला संपले. जिम वॉर्नर यांच्या नावाच्या मैदानावर ओल्या पाइनच्या काड्यांवरून आमचा पाय घसरला आणि गुडघा सुजला. ते पावणेआठला संपले. आता सहा झाली होती. सातवे डब्ल्यू. आर. जॅक्सन यांच्या नावाचे, लांबलचक वाटांचे. त्या दिवशी सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळणार होता. झाडीत उजेड त्याच्याही आधी संपतो.

सहाव्या टोपलीनंतर दादांना पट्टा दिसेना. खरे म्हणजे आम्हांलाही नीट दिसत नव्हता. तेव्हा पुतण्या पुढे धावत गेला आणि टोपलीपाशी उभा राहून त्याने साखळ्या खळखळवल्या. दादांनी मान तिरकी केली नाही. ते ताठ उभे राहिले, ऐकले, आणि फेकले. पहिली फेक झाडावर. दुसरी कोठे गेली ते कळले नाही. मग चालत जवळ येऊन तिसरी, आणि पुतण्या बाजूला सरतो न सरतो तोच साखळ्या वाजल्या. या वेळी त्या कोणी हलविल्या नव्हत्या.

अशा रीतीने अकरा टोपल्या झाल्या. बाराव्या वाटेवर काजवे लुकलुकत होते आणि आम्हांला एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. दादा म्हणाले, "सहा पूर्ण, सातवे अपुरे. लिही." आम्ही मोबाइलच्या दिव्यात वहीत लिहिले. एकशे एकोणीस टोपल्या. घरी पोचलो तेव्हा वहिनींनी दहीभात झाकून ठेवला होता. दादा हातात घास धरून पाटावर नव्हे, खुर्चीवरच झोपी गेले.

ती वही आम्ही तेथेच ठेवून आलो. पुतण्याने सातव्या मैदानाच्या उरलेल्या सात वाटा पुढे त्यांच्याबरोबर जाऊन भरल्या. दादा आता पट्टा पाहू शकत नाहीत. पण दर शनिवारी कोणीतरी साखळ्या वाजवावयास लागते आणि तसे कोणी ना कोणी मिळते.

2024 च्या सप्टेंबरात हेलीन नावाचे वादळ त्या प्रांतावरून गेले. 27 तारखेच्या पहाटे ऑगस्टा परिसरात असंख्य झाडे कोसळली. अनेक दिवस दिवे नव्हते, फोन लागत नव्हता. शेवटी लागला तेव्हा आम्ही घराचे, छपराचे, वहिनींचे विचारले. सर्व सुखरूप होते. मग दादा म्हणाले, "पावले मात्र सगळी चुकली रे. आडवी झाडे पडलीत. बावन्नाव्या पावलावर वळण होते, तेथे आता बुंधा आहे म्हणतो पोरगा."

परवा पुन्हा फोन आला होता. नवी वही घेतली आहे. दोन मैदाने मोजून झाली.