पावणेचार इंची फौज

आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांमध्ये एक रायफलवाला उभा असायचा. मावळे कुंभाराकडून आणलेले, हा तुळशीबागेतल्या दुकानातून, वाढदिवसाच्या पैशांत घेतलेला. आजोबांनी त्याला चष्मा वर करून न्याहाळलं आणि म्हणाले, "हा गारदी दिसतोय. ह्याला महाराजांजवळ उभा करू नकोस." काळाचा घोळ आजोबांना चांगला ठाऊक होता, पण पुण्यात गारद्याचा विनोद करायची संधी कोण सोडतो? तेव्हापासून तो बुरुजाच्या पायथ्याशी, हळिवाच्या शेतात तैनात.

तो जीआय जो होता, फनस्कूलचा. एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोने मिळून 1987 साली फनस्कूल काढली, कारखाना गोव्यात. मूळ अमेरिकी जो 1964चा आणि जवळजवळ फूटभर उंच. 1982मध्ये हॅस्ब्रोने त्याला पावणेचार इंचांवर आणला, आणि ह्यातच खरी धंद्याची अक्कल होती. माणूस लहान केला की त्याच्या मापाची जीप, रणगाडा, विमान असं सगळंच विकता येतं. 1985 साली तर त्यांनी विमानवाहू जहाज काढलं, लांबी साडेसात फूट! आमच्या दोन खोल्यांत ते आलं असतं तर आम्हाला जिन्यात झोपावं लागलं असतं.

मला मात्र वाहनांपेक्षा पाकिटामागचा पुठ्ठा प्रिय. त्यावर त्या सैनिकाचं खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, स्वभाव असं सगळं छापलेलं. अमेरिकेत हा मजकूर लिहायचा लॅरी हामा. तो स्वतः सैन्यात राहून आलेला, त्यामुळे त्या चार ओळींत फुशारकी कमी आणि माणूस जास्त असे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते पुठ्ठे वाचले. शाळेतल्या इंग्रजीच्या धड्यांसाठी एवढी मेहनत कधी घेतली नाही.

कॉलेजात हे सगळं माळ्यावर गेलं. नोकरी लागल्यावर एका रविवारी जुन्या बाजारात, गंजलेल्या पान्यांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात एक जो दिसला. कंबरेतून दोन तुकडे झालेला. विकणाऱ्याने तो फुकटच दिला, वर "मुलासाठी का?" असंही विचारलं. मी हो म्हणालो. लग्न व्हायचं होतं.

ह्या बाहुल्याची रचना मोठी झकास आहे. पाठीत एकच स्क्रू. तो काढला की छाती-पाठीच्या दोन वाट्या सुटतात, हात-डोकं मोकळं होतं, आणि आत दिसते काळी रबरी रिंग. पायांच्या मधला धातूचा आकडा ह्या रिंगमध्ये अडकलेला असतो. धड आणि पाय जोडून धरते ती एवढीच रिंग, म्हणून तो कंबरेत वळतो, वाकतो, बसतो. रबर वाळलं की माणूस दुभंगतो. नळाच्या सामानाच्या दुकानात तशी रिंग शोधा, घाला, स्क्रू अलगद आवळा. जोर लावलात तर जुनं प्लास्टिक तडकलंच म्हणून समजा. रबराला इलाज आहे, अंगठ्याला नाही. जाड मुठीची बंदूक हातात कोंबली की अंगठा तुटतो. म्हणून जुना जो हातात आला की मी आधी अंगठे पाहतो, मग मांड्यांमधला सांधा, आणि रंग सगळ्यात शेवटी.

रंगाचं कौतुक वेगळंच. साचे अमेरिकेचे, पण फनस्कूलने वाटेल तसे रंग दिले. मूळ हिरवा असलेला कुणी आपल्याकडे भलत्याच रंगाच्या विजारीत यायचा. लहानपणी अमेरिकेहून आलेल्या आतेभावाने ह्यावरून माझी यथेच्छ टिंगल केली होती. आज तिकडचे संग्राहक हेच विचित्र रंग शोधत फिरतात, पैसेही मोजतात. शिवाय 1994मध्ये अमेरिकेत ही छोटी मालिका थांबली, तरी आपल्याकडे तिचे सैनिक पुढेही कित्येक वर्षं निघत राहिले. आणि रंगहीनतेचं म्हणाल तर 1982च्या पहिल्या तुकडीत रंगकामाचा खर्च वाचवायला एकाला नुसताच काळा ठेवला होता. तो स्नेक आइज, पुढे सगळ्यांत लाडका ठरला.

संग्राहकांत एक पंथ सीलबंद पाकीटवाल्यांचा आहे. पाकीट उघडलं की त्यांच्या लेखी किंमत संपली. असेल बाजाराचा हिशेब तसा. मला तो पटत नाही. ज्याची कंबर कधी वळली नाही त्याच्याबद्दल मी काय मत देणार? सांधा सैल आहे की घट्ट, पाठपिशवी बसते की गळते, तो जीपमध्ये नीट बसतो की गुडघे अडतात, हे खेळल्याशिवाय कळत नाही. फनस्कूलचे सांधे जरा कडक असतात, रंगकाम कडेला फिसकटतं, पण ठेवण पक्की. दहापैकी सात गुण मी बिनदिक्कत देईन.

तुमच्या माळ्यावर असा कुणी असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी एवढं करा: हातातली बंदूक काढून वेगळ्या पुडीत ठेवा, त्याला उन्हात ठेवू नका, आणि मागचा पुठ्ठा सापडला तर तो मुळीच टाकू नका.