बेसमेंटमध्ये कोण राहतं?

२५ जुलै २०२४. पहाटेचे साडेपाच. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजेसचा नुसता पाऊस. ‘बेसमेंटमध्ये पाणी!!! गाड्या काढा!!!’

बाहेरही तेच. खडकवासल्यातून रात्रीत मुठेला पाणी सोडलं होतं, वरून धो धो चालूच, आणि सिंहगड रोडवरची आमची सोसायटी नदीपासून पाच मिनिटांवर. भाड्याने फ्लॅट घेताना याच ‘रिव्हर व्ह्यू’वर मी भाळले होते!

नाइट सूटवरच खाली धावले. रॅम्पवरून माझी सेकंडहँड गाडी दिसली. बॉनेट बुडालेलं, काचेपर्यंत गढूळ पाणी. अजून पाच हप्ते बाकी होते तिचे. मी काय केलं असेल? फोटो काढले. चार अँगल्सनी. इन्शुरन्सला लागतात ना!

पाण्यात पाय टाकणार, तेवढ्यात वॉचमनकाका ओरडले, ‘‘ताई, थांबा! मेन स्विच पाडलाय, तरी उतरू नका.’’

ते स्वतः छातीपर्यंत भिजले होते. मागे जिन्यात काकू बसल्या होत्या. एक ट्रंक, गॅसची शेगडी आणि सातवीतल्या मुलीचं ओलं दप्तर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. यांची खोली बेसमेंटमध्येच आहे. पंपरूमच्या मागे. तीन वर्षं मी तिच्यापासून दहा पावलांवर गाडी लावत होते.

ग्रुपवर बुडालेल्या बावीस गाड्यांची यादी फिरत होती. त्या खोलीबद्दल एक शब्द नव्हता. माझाही नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही सगळे एक्स्पर्ट झालो. भाड्याचा पंप मिळायला दुपार झाली, पाणी उपसायला रात्र. मेकॅनिक सांगत होता, बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर इंजिनाची वाट लागते. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मारलाच. लागली वाट! खालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं होतं. ती रिकामी करून घासली, क्लोरिन टाकलं, तोवर टँकर. डॉक्टरांनी पायाला जखम असलेल्यांना आधी बोलावलं. घाण पाण्यातून लेप्टो होतो, म्हणाले.

काकांनी मेन स्विच पाडला याचं महत्त्व संध्याकाळी बातम्या पाहताना कळलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तिघांचा जीव गेला होता.

आणि २७ जुलैला दिल्ली. जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी घुसलं. यूपीएससीची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. परवानगी होती पार्किंग आणि सामान ठेवायला. बसवली होती माणसं.

मी बातमी दोनदा वाचली. मग खाली जाऊन काकूंना विचारलं, ‘‘त्या दिवशी तुम्हाला जाग कशी आली?’’

‘‘पोरीनं हाक मारली. तिचा हात पाण्यात गेला झोपेत. खाली निजते ना ती.’’

एवढंच म्हणाल्या त्या. पुन्हा भांडी घासायला लागल्या.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला. भाडेकरू असल्यामुळे मला मत नाही, हे सेक्रेटरींनी लगेच लक्षात आणून दिलं. तरी बोलले. तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस आठवड्यातून एक तास उघडतं. ते या कुटुंबाला द्या, फायली कपाटात मावतील. ‘ऑफिसचा लूक जाईल’, ‘पायंडा पडेल’ वगैरे झालं. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, ‘‘मुलीला जाग आली नसती तर?’’

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग इंजिन घालवून बसलेले ते काकाच म्हणाले, ‘‘द्या हो चावी.’’

असो. मी काही फार ग्रेट केलं नाही. आधी गाडीचेच फोटो काढले होते, ते अजून मोबाईलमध्ये आहेत. डिलीट करवत नाहीत.

आता जोराचा पाऊस आला की ग्रुपवर पहिला मेसेज अजूनही तोच, ‘गाड्या काढा!’ पण खाली गाड्यांशिवाय कुणी नसतं. तळमजल्यावरच्या ऑफिसच्या खिडकीत एक दप्तर लटकलेलं दिसतं. कोरडं.