पात्याकडे तिरपं बघ

चि. सई,


रविवारी टोकियोत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाणार आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. जपानी तलवारींचं दालन चुकवू नकोस. आयुष्य पोलाद तापवण्यात घालवलेल्या मामाची एवढी भुणभुण ऐकून घे.

काचेपुढे ताठ उभी राहिलीस तर नुसतं चकचकीत पातं दिसेल. जरा वाक, दिव्याचा उजेड धारेवरून सरकू दे. धारेलगत धुक्यासारखा पांढुरका पट्टा उमटेल, तो हामोन. पुष्कळांना ती वरून काढलेली नक्षी वाटते, पण ती पोलादातच असते. पाणी देण्याआधी लोहार पात्याला मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. लालभडक पातं पाण्यात गेलं की धार क्षणात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. दोहोंच्या सीमेवर हामोन. कडक होताना धार किंचित फुगते, म्हणून पातं पाठीकडे वळतं. तलवारीच्या बाकात याचाही वाटा असतो. याच घटकेला पातं तडकलं, तर आधीची सगळी मेहनत पाण्यात! ताप किती चढला ते अंधारात, रंगावरून ओळखायचं. आमच्या हाताशी पायरोमीटर होता, तरी छातीत धडधडायचं.

‘मिकाझुकी मुनेचिका’ मांडलेली असली तर नशीब तुझं. ती कायम बाहेर नसते. क्योतोच्या सांजो मुनेचिकाने हेइआन काळात घडवलेली ही तलवार. धारेलगत चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत, नाव त्यावरूनच पडलं.

तरी तुला जे दिसेल त्याचं निम्मं श्रेय मी घासणाऱ्याला देईन. तो खरखरीत दगडापासून सुरुवात करून एकेक बारीक दगड घेत जातो आणि शेवटी कागदासारखी पातळ चकती अंगठ्याखाली धरून पोलादाचा पोत वर आणतो. होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. प्रत्येक घासणीत पातं थोडं झिजतं, म्हणून उगाच हात लावायचा नाही. लौकिक मात्र लोहाराचा.

मूठ काढून ठेवलेली असते, तेव्हा मुठीत बसणारं शेपूटही बघ. नाकागो म्हणतात त्याला. सही असलीच तर तिथेच. वरचं पातं आरशासारखं आणि हे काळंकुट्ट, गंजलेलं! तो गंज कुणी काढत नाही. त्याच्या रंगावरून आणि पोतावरून जाणकार तलवारीचं वय अजमावतात. तो खरवडला की पुरावा गेला आणि किंमतही गेली. लांब तलवारी पुढे आखूड करताना याच टोकाकडून कापल्या, त्यात कितीतरी सह्या गेल्या.

1876 मध्ये जपान सरकारने तलवार बाळगून हिंडण्यावर बंदी घातली आणि तलवारी घडवणाऱ्या बहुतेक लोहारांच्या पोटावर पाय आला. शिमाने प्रांतात 1977 पासून पुन्हा वाळूतलं लोखंड कोळशाच्या भट्टीत वितळवतात, त्यामुळे आजच्या लोहारांना जुन्या पद्धतीचं पोलाद मिळतं.

दसऱ्याला गावी येशीलच. देवघरातली जुनी तलवार कुणी लिंबू आणि राख लावून लख्ख करायला बसलं, तर आधी त्याचा हात धर. माझं घरात कुणी ऐकत नाही.

तुझा,
मामा