काळोख सांभाळताना

नाट्यगृहातील प्रेक्षक नटाला ओळखतो, गायकाला ओळखतो, फार तर नेपथ्यकाराचे नाव जाहिरातीत वाचतो. प्रकाशयोजना करणाऱ्याची आठवण त्याला होते ती दिवा गेल्यावर! याविषयी आमची तक्रार नाही. आमचे काम डोळ्यांत भरू लागले की ते कुठेतरी फसले, असेच आम्ही हाताखाली येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. परंतु अलीकडे या व्यवसायात जी उलथापालथ झाली, तिचा संबंध आमच्या पोटापाण्याइतकाच आपल्या धर्मग्रामांतील नाटकांशी आणि काही अंशी श्रद्धेशीही पोहोचतो. म्हणून हे लिहिणे.

प्रकाशयोजना म्हणजे रंगमंचावर उजेड पाडणे, ही सर्वसाधारण समजूत. उजेड काय, मांडववालाही पाडतो. आमचे खरे काम काळोख वाटण्याचे. कोणाच्या वाट्याला किती काळोख द्यायचा, हे एकदा ठरले की दिवे कुठे टांगायचे ते आपोआप कळते. अगदी समोरून प्रकाश टाकला तर चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. तोच दिवा बाजूला आणि वर, साधारण पंचेचाळीस अंशांवर नेला की भुवईखाली, नाकाशेजारी सावली उतरते आणि माणूस दिसू लागतो. अमेरिकेतील स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी 1932 साली ही रीत ग्रंथरूपाने मांडली. तिच्यावर आजही आमची पोटे चालतात. दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई उरतो. हजार वॉटचा हॅलोजन डिमरवर खाली आणला की तो नुसता मंद होत नाही, तांबूस होतो, उतरत्या उन्हासारखा. ही त्याची उणीव की देणगी, यावर आमच्यात अजून वाद होतात. आम्ही देणगी मानणाऱ्यांपैकी आहोत.

हे सारे आम्ही शिकलो ते नाट्यगृहात. पण त्याची गोडी लागली ती देवळात. पास्काच्या जागरणविधीला सारे दिवे मालवलेले असतात. बाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीवरून मेणबत्ती आत येते, तीन ठिकाणी थांबते, ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असा पुकारा होतो आणि ज्योतीवरून ज्योत लागत जाते. पवित्र आठवड्यातील जुन्या लॅटिन प्रार्थनाविधीत याच्या उलट क्रम असे. पंधरा मेणबत्त्यांतील एकेक स्तोत्रागणिक विझवीत नेत, आणि उरलेली शेवटची न विझवता आड लपवीत. मग काळोखात आवाज होई आणि ती ज्योत परत आणली जाई. ज्याने हे प्रथम योजले, त्याला आम्ही आमच्या धंद्यातील आद्य गुरू मानतो. काराव्हाज्जोचे ‘संत मत्तयाला पाचारण’ हे 1600 च्या सुमारास पूर्ण झालेले रोममधील चित्रही त्याच शाळेतले. भिंतीवर खिडकी रंगवलेली आहे, पण तिच्यातून प्रकाश येतच नाही. तो येतो उजवीकडून, प्रभूच्या हाताच्या वरून, आणि पैसे मोजणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडतो.

आपल्या देशात हे मर्म तापस सेन यांनी जाणले होते. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात 1959 साली आलेल्या उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरते आणि मजूर बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. पाणी चढत गेले ते प्रकाशाचे.

चलत्चित्र रंगमंचावर आणण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. योसेफ स्वोबोदा आणि आल्फ्रेड राडोक यांनी 1958 च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात ‘लातेर्ना मागिका’चे प्रयोग केले, त्यांत पडद्यावरील माणसे आणि समोरील जिवंत कलावंत एकमेकांशी जोडलेले असत. पडद्याने नटाला गिळू नये, यासाठी त्यांना केवढे जागरूक राहावे लागले असेल, हे आम्हांस आता कळते. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही; तो जिथे काही फेकत नाही, तिथेच काय तो काळोख. त्यामुळे रंगमंचावरील दिवे पडद्यावर सांडले की चित्र राखी पडते. एलईडी भिंतीचा त्रास उलटा. ती इतकी प्रखर की पुढे उभा असलेला नट नुसती आकृती होऊन जातो. त्याचा चेहरा दिसावा म्हणून पुढचे दिवे वाढवायचे. ते वाढले की सावल्या मरतात.

नव्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. एलईडी दिव्यांनी वीज वाचली, हात भाजायचे थांबले, तारांवरचा भार उतरला. रंगीत जिलेटिन कागद कापून चौकटींत बसवणारी मुले मात्र बेकार झाली. त्यांतली काही आज कन्सोलवर बसतात, काही रिक्षा चालवतात. आमचा एक सोबती मैदानावरील कार्यक्रमात शिडीवर असताना विजेचा धक्का बसून खाली पडला. कंत्राटदाराने अर्थिंगच केले नव्हते. सोबत्याचा उजवा हात पुन्हा पूर्वीसारखा उचलला गेला नाही. तेव्हापासून कोणत्याही मांडवात आम्ही आधी जमिनीत गाडलेली तार पाहतो, मग दिवे.

असो. वाद झाला तो प्रायश्चित्तकाळातील दुःखसहनाच्या नाटकाच्या वेळी, आमच्याच वसईत. एका दानशूर गृहस्थांनी एलईडी भिंत दिली होती, आणि कालवरीच्या प्रवेशात एका परदेशी चित्रपटातील क्रूसारोहण मागे दाखवावे, असे समितीचे म्हणणे पडले. पुढे क्रूसावर गावचाच तरुण. पायथ्याशी पवित्र मारियेच्या भूमिकेत पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेणारी एक बाई. तिचा विलाप सामवेदी बोलीत होता. मागे चित्रपटाचा रक्तबंबाळ चेहरा दहा फूट उंच झाल्यावर तिच्याकडे कोण पाहणार? आम्ही म्हटले, या सात मिनिटांपुरती भिंत बंद ठेवा, पुढे काळा पडदा ओढा आणि उजव्या बाजूने एकच हॅलोजन द्या.

समितीचा आक्षेपही पोकळ नव्हता. एका दिव्यात शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यांना काय दिसणार? कॅमेऱ्याने तिचा चेहरा भिंतीवर मोठा करून दाखवावा, अशी तडजोड निघाली. ती आम्ही तालमीत करून पाहिली. चित्र किंचित उशिरा उमटत होते. हुंदका आधी ऐकू येई आणि ओठ मागून हलत. फादर शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले, दोन्ही प्रकार पाहिले आणि म्हणाले, “भिंत बंद करा.” दानशूर गृहस्थ थोडे नाराज झाले. यरुशलेमच्या प्रवेशाला मात्र भिंत पुरेपूर वापरली आणि ती शोभलीही.

प्रयोगाच्या रात्री पडदा ओढला, भिंत काळी झाली, दिवा तीसवर आला. फुलवाल्या बाईने पहिली हाक मारली, तेव्हा मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. म्हातारी माणसे उठून, अंधारात एकमेकांचा हात धरून पुढे आली आणि मंचाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. पुढच्या वर्षी समितीने तिथे सतरंज्या घातल्या.