तारांचा ताण

आमच्या घरातील गिटार १९७८ सालची. थोरल्या बंधूंनी नोकरीच्या पहिल्या वर्षात पैसे साठवून ती घेतली. वसईच्या ज्या गावात आम्ही वाढलो, तेथे वाद्य हे घरातल्या माणसासारखेच नांदते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत मराठी गीतांना स्थान मिळाले आणि पेटी-तबल्याच्या जोडीला आमच्या गायनवृंदात गिटारही येऊन बसली. १९८३ साली दादा नोकरीनिमित्त बहरीनला निघाले, तेव्हा ती आमच्या हाती सोपवून म्हणाले, "हिला सांभाळ. आणि हिला नायलॉनच्याच तारा लाव, पोलादी नको."

शब्द लक्षात राहिले. त्यामागचे कारण मात्र आम्ही विचारले नाही.

पुढच्याच वर्षी एका लग्नघरी वाजवण्याचा योग आला. नायलॉनच्या तारांचा मृदू स्वर मांडवातल्या गलबल्यात बुडेल, या भीतीने आम्ही पोलादी तारांचा संच आणून चढवला. आवाज खणखणीत निघाला. लोकांनी वाहवा केली. त्या वाहवेच्या भरात त्या तारा तशाच राहिल्या.

नायलॉनच्या सहा तारा मिळून वाद्यावर साधारण ४० किलोंचा ताण देतात. पोलादी तारांचा हलका संचसुद्धा ७० किलोंच्या पुढे जातो. पोलादी तारांच्या गिटारीच्या मानेत हा भार तोलण्यासाठी लोखंडी सळई घातलेली असते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले. आमच्या गिटारीच्या मानेत सळई नव्हती. तिची छातीही पातळ फळीची, हलक्या ताणासाठी घडवलेली. हे ज्ञान आम्हांला पुढे झाले.

प्रथम तारा पडद्यांपासून उंच गेल्या. बोटांची सालटी निघू लागली, तरी आम्ही आमच्याच हातांना दोष देत राहिलो. मग बाराव्या पडद्यावरचे स्वर चढे लागू लागले. जुलै उजाडला. वसईच्या पावसात भिंतींनाही पाझर फुटतो, मग लाकडाची काय कथा? लाकूड ओलावा पिऊन आडव्या अंगाने फुगते. फळीला पोट सुटते आणि तिच्यावरची घोडी वर उचलली जाते. घोडीच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आम्हांला दिसली होती. दिसूनही आम्ही तारा सैल केल्या नाहीत. एका रात्री फटाका फुटावा तसा आवाज झाला. उठून पाहतो तो घोडी उखडून तारांना लोंबकळत होती.

दादांना कळवायला हवे होते. त्याऐवजी गावातल्या सुताराकडून आम्ही घोडी दोन स्क्रू मारून बसवून घेतली, आणि त्याच आठवड्यात बहरीनच्या पत्रात लिहिले, "गिटार सुखरूप आहे." पुढील चार वर्षे प्रत्येक पत्रात हे वाक्य गेले.

१९८८ च्या आरंभी दादा सुटीवर येणार असल्याचे पत्र आले, तेव्हा आम्ही गिटार कापडात गुंडाळून मुंबई गाठली. धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या वादकांच्या कूडी होत्या. तेथे विचारीत विचारीत वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गोवेकर गृहस्थांपर्यंत पोचलो. त्यांनी घोडीवरचे स्क्रू पाहिले आणि आमच्याकडे पाहिले. रागावले नाहीत. "बाबा, लाकडाला खिळा मारून गप्प बसवता येतं, गायला लावता येत नाही," एवढेच म्हणाले.

स्क्रू काढून त्यांनी भोके बुजवली. जुना गोंद खरवडून सरसाने घोडी बसवली. सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, म्हणून पुढच्या कारागिराला काम करता येते, हे त्यामागचे कारण. मानेला कमान आली होती. पडदे उपटून त्यांनी बोटपट्टी रंधून सरळ केली आणि पडदे नव्याने ठोकले. तीन आठवडे लागले. प्रत्येक शनिवारी आम्ही जात होतो, आणि काम करता करता ते आम्हांला शिकवीत होते.

तार खरखरते म्हणून वाद्याला दोष देण्यापूर्वी आपले बोट पाहावे, हा त्यांचा पहिला धडा. बोट पडद्याच्या लगत मागे असावे. दोन पडद्यांच्या मध्यावर दाबले तर चांगली गिटारही कुरकुरते. नंतर खरखर कोठे आहे ते ऐकावे. मोकळ्या तारेवरच असेल, तर मानेच्या टोकाच्या पट्टीतली खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच पडद्यांवर असेल, तर मान गरजेपेक्षा सरळ किंवा मागे झुकलेली आहे. एकाच ठिकाणी असेल, तर पुढचा पडदा वर आला आहे. तंबोऱ्यात हीच झणझण आपण जवारी म्हणून मुद्दाम घडवतो. गिटारीत तीच व्याधी ठरते.

एफ कॉर्ड धरताना नवशिक्याचे बोट थकते, त्याचेही मूळ पुष्कळदा हातात नसते. तिसऱ्या पडद्याजवळ तार दाबून पहिल्या पडद्यावर पाहावे. तेथे केसाएवढीच फट हवी. जास्त असेल, तर खाच उथळ आहे आणि विद्यार्थी विनाकारण शिक्षा भोगतो आहे. बाराव्या पडद्यावर नायलॉनची जाड तार सुमारे ४ आणि बारीक तार ३ मिलिमीटर उंच असावी. पोलादी तारांना अडीच व दोनच्या आत-बाहेर पुरे. त्याच पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा असेल, तर घोडीवरच्या हाडाच्या पट्टीचा टेकू किंचित मागे न्यावा लागतो. आणि सळई असलेल्या गिटारीत ती एका वेळी पाव वळशाहून अधिक फिरवू नये. फिरवून थांबावे, लाकडाला सावरू द्यावे.

दादा मे महिन्यात आले. रात्री अंगणात गिटार मांडीवर घेतली, स्वर लावले, एक चाल वाजवली. मग हात थांबला. अंगठा घोडीच्या पुढे, बुजवलेल्या भोकांवरून फिरला.

"कधी उखडली?"

"चौऱ्याऐंशीच्या पावसात."

बराच वेळ ते बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "गिटारीचं एवढं नाही रे. तिथे खोलीत आम्ही आठ जण. तुझं पत्र आलं की मी ते वाक्य शोधायचो. घरी सगळं जिथल्या तिथे आहे, असं वाटायचं." एवढे बोलून त्यांनी गिटार आमच्या हाती दिली. "आता तू वाजव."

त्या रात्री आमच्या हातून एकही कॉर्ड नीट लागला नाही, आणि त्याला गिटार जबाबदार नव्हती.

दादा आता कायमचे गावी आहेत. संधिवाताने त्यांची बोटे पडद्यांवर ठरत नाहीत. मृगापूर्वी दरवर्षी आम्ही दोघे ओसरीवर बसतो. तारा दोन-तीन वळसे सैल करतो, धूळ पुसतो, शिसवी बोटपट्टीवर तेलाचे बोट फिरवून लगेच कोरडे करतो, पेटीत कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवतो. वाजवून झाल्यावर घाम पुसणे तर रोजचेच. शेवटी दादा घोडीच्या मागच्या कडेला कागद लावून पाहतात. तो आत शिरत नाही. तरी ते विचारतात, "काय, ठीक आहे ना?"

आम्ही चष्मा लावतो, पुन्हा एकदा नीट पाहतो, आणि मगच उत्तर देतो.